नभोवाणीचे गाणे आणि देगलूरचे कान

देगलूरला रेल्वे कधी आली नाही, आणि गाण्याच्या इतिहासात ही गोष्ट वाटते तितकी बिनमहत्त्वाची नाही. नाटक मंडळ्या रुळांच्या कडेकडेने हिंडल्या. गवई त्यांच्या मागोमाग, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या किंवा पेढीवाल्याच्या आमंत्रणावरून गावोगाव गेले. आमच्या गावात रूळ नव्हते, संस्थानिक नव्हता, आणि जे काही पेढीवाले होते त्यांना कापसाच्या भावापलीकडे कसल्याही चढउताराची गोडी नव्हती.

लेंडी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. नांदेडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेवर, भाषांच्या तिठ्यावर वसलेले. पुढे मदनूर लागले की तेलुगू सुरू होते, आडवाटेने वळले की बीदरकडची कानडी, आणि बाजारात या सर्वांना सांधणारी दखनी उर्दू. गाणे म्हणाल तर गावात होते, पण ते भजनाचे. गुंडामहाराज देगलूरकरांनी घालून दिलेली चक्रीभजनाची परंपरा दोन शतकांची आहे; धुंडामहाराज देगलूरकरांचे नाव तर साऱ्या वारकरी महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावातल्या माणसाला ताल शिकवावा लागत नाही. मात्र दोन तंबोरे मागे लावून विलंबित लयीत तासभर मांडलेला ख्याल त्याच्या कानी पडायचा कोठून? तो पडला नभोवाणीतून. पुण्यामुंबईच्या रसिकाला नभोवाणी हे गाणे ऐकण्याचे एक जास्तीचे साधन होते. आम्हांला तीच मैफल, तोच महोत्सवाचा मंडप आणि तेच गुरुगृह. तेव्हा नभोवाणीवरचे शास्त्रोक्त संगीत कसे चढले आणि पुढे कसे पातळ होत गेले, याची हकिगत देगलूरच्या ओट्यावर बसून लिहिली तर ती आगळीक ठरू नये.

आमच्या भागात नभोवाणी आली ती निजामाच्या मोहरेखाली. हैदराबादेत महबूब अली नावाच्या गृहस्थांनी १९३३ साली अवघ्या दोनशे वॅटचे खाजगी केंद्र काढले होते. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी ते निजाम सरकारने ताब्यात घेतले आणि त्याचे ‘दक्कन रेडिओ’ झाले. पुढे औरंगाबादेसही एक केंद्र निघाले. कार्यक्रमांत मान उर्दूचा. मराठी, तेलुगू, कानडी यांना ताटातल्या चटणी-कोशिंबिरीइतकी जागा. गाणे मात्र होते, कारण हैदराबादेत गाण्याचा शौक जुना. पंडित जसराजांचे वडील मोतीराम १९३४ साली तेथेच वारले. निजामाच्या दरबारात त्यांची नेमणूक जाहीर व्हायची, नेमक्या त्याच दिवशी, असे सांगतात.

पण त्या काळी देगलुरात यंत्रे किती असणार? आणि १९४७-४८च्या रझाकारी धामधुमीत यंत्र घरात असणे म्हणजे संशयाला निमंत्रणच. खिडक्या लावून, आवाज मुंगीएवढा करून दिल्लीच्या बातम्या ऐकाव्या लागत, असे घरची वडील माणसे सांगत. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने हार मानली ती वार्ता याच दक्कन रेडिओवरून लोकांच्या कानी आली. तेव्हा आमच्या गावाची नभोवाणीशी पहिली ओळख झाली ती भीतीच्या आणि मग सुटकेच्या बातमीतून. गाण्याशी गाठ पडली ती नंतर. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे भारत सरकारच्या नभोवाणीत सामील झाली. १ नोव्हेंबर १९५६ला राज्ये नव्याने आखली गेली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे निजामाबाद जिल्ह्यात गेली, आणि उरलेला तालुका मुंबई राज्यात आला. राजधानी बदलली खरी, पण राज्यपुनर्रचनेचा अहवाल लहरींना कोणी वाचून दाखविला नव्हता. दिवसा स्वच्छ ऐकू येई ते हैदराबादच.

येथे मध्यम लहरींच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. दिवसा त्या जमीन धरून चालतात आणि बेताचे अंतर कापून थकतात. सूर्य मावळला की आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आपटून परत फिरतात आणि शेकडो मैल दूर जाऊन उतरतात. त्यामुळे आडगावचा श्रोता दिवसा एका केंद्राचा आणि रात्री साऱ्या देशाचा. नऊनंतर काटा हलकेच फिरवीत गेले म्हणजे मुंबई, नागपूर, मद्रास एकामागून एक वर येत. १९५० साली सुरू झालेले धारवाड तर आमचे विशेष आवडते. मल्लिकार्जुन मन्सूर पुढे त्या केंद्राचे संगीत सल्लागार झाले आणि त्यांचा आवाज मधल्या खरखरीला न जुमानता आमच्यापर्यंत पोचे. मधूनच दोन केंद्रे एकमेकांवर चढत, आणि मालकंसात तामिळ बातम्या मिसळत. त्याची आम्हांला इतकी सवय झाली होती की पुढे शहरात स्वच्छ गाणे ऐकताना काहीतरी उणे आहे असे वाटे.

आमच्या आळीत पहिले यंत्र आले ते सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांकडे. डाकघरातून परवाना काढायचा, त्याचे दरसाल पंधरा रुपये. पुस्तकात तिकिटे चिकटवून घ्यायची. धाब्यावर दोन बांबूंच्या मध्ये एरियलची जाळी, आणि खाली ओल्या मातीत पुरलेली अर्थची तार, जिच्यावर काकू रोज तांब्याभर पाणी ओतीत. यंत्र मोटारच्या बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की ती भरून आणण्यासाठी नांदेडला जाणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याची मनधरणी करावी लागे. म्हणून काकांचा दंडक असा, की सोमवार ते शुक्रवार बातम्यांपुरतेच यंत्र लावायचे आणि उरलेली वीज शनिवारसाठी राखायची.

शनिवारी काय असे? जुलै १९५२मध्ये दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री साडेनऊला आरंभ, आणि एकच कलावंत थेट अकरापर्यंत. आज या दीड तासाचे महत्त्व सांगूनही पटणार नाही. त्यापूर्वीची पन्नास वर्षे गाणे तबकडीत कोंडलेले होते. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून राग म्हणजे तीनसाडेतीन मिनिटे असे समीकरण होऊन बसले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांतही अवघा राग उभा केला ही गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच गाणे आखूड झाले म्हणजे ते हलके झाले, असे मी मानीत नाही. पण राग सावकाश उघडताना पाहणे, गवई एका स्वराभोवती घोटाळतो आहे, पुढे जायला तयार नाही आणि आपणही त्याला घाई करू इच्छित नाही, हा अनुभव तबकडी देऊ शकत नव्हती. तो देगलूरला प्रथम शनिवारच्या रात्रीने दिला.

श्रोते पाचसात. कंपाउंडरकाका, तालुका कचेरीतले एक कारकून, शाळेतले एक मास्तर, चौकातले शिंपीचाचा, आणि आम्ही दोनतीन पोरे, जी झोपत नाहीत म्हणून बसू दिलेली. यांतल्या कोणालाही सरगम लिहिता येत नव्हती. शिंपीचाचांना रागांची नावे सर्वांत जास्त ठाऊक, आणि ती सगळी त्यांनी यंत्रापुढे बसून मिळविलेली. उशिरा आलेल्याने “चाचा, हा कोणता?” म्हणून विचारले की ते बोट ओठांवर ठेवीत. “ठैर ना, आखिर में नाम बोलतैं.” आणि खरेच, अकराच्या सुमारास निवेदक शांत स्वरात सांगे, की आपण अमक्यांचे गायन ऐकले, राग अमुक, तबल्यावर अमुक, सारंगीवर अमुक. तेवढे ऐकून मंडळी उठत. ती शेवटची घोषणा हेच आमचे संगीत विद्यालय. आठवडाभर नाव घोळवायचे आणि पुन्हा कधी तोच राग लागला तर ओळखण्याची शर्थ करायची, एवढाच अभ्यासक्रम.

हे सगळे घडवून आणणारा माणूस पुण्यात जन्मलेला होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते, आणि स्वतः गाणे शिकलेले होते. शनिवारचा कार्यक्रम त्यांच्या कारकिर्दीतला. १९५४पासून सुरू झालेले रेडिओ संगीत संमेलनही तेव्हाचेच. शहरोशहरी निमंत्रितांसमोर बैठका व्हायच्या आणि दिवाळीच्या आगेमागे त्या नभोवाणीवर यायच्या. आमच्याकडे फराळाचे ताट आणि संमेलन यांची अशी सांगड बसली होती की चिरोट्याचा वास आला तरी मला केदार आठवतो. दरबारे गेली, संस्थाने गेली, आणि शेकडो गवई-बजवय्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नभोवाणीने त्यांना करारपत्रे दिली, नोकऱ्या दिल्या. हे ऋण मान्य केल्यावाचून पुढचे बोलणे कृतघ्नपणाचे होईल.

पुढचे बोलणे मात्र टाळता येत नाही. केसकरांना गाणे जितके कळत होते तितका श्रोता कळत नव्हता. श्रोत्याची अभिरुची बिघडली आहे आणि ती सुधारणे हे सरकारचे काम आहे, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी कलावंतांना श्रवणचाचणीला बसविले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखे विद्वान परीक्षक नेमले, पण उभा जन्म मैफली गाजवलेल्या बुजुर्गांना ‘परीक्षा द्या’ म्हटल्यावर जे व्हायचे ते झाले. कित्येकांनी नकार दिला, निषेध केला. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या अवनतीचा दोष ते मुसलमानी अमदानीवर आणि उस्तादांवर टाकीत. ज्या महाराष्ट्राला मिरजेत अब्दुल करीम खाँनी आणि कोल्हापुरात अल्लादिया खाँनी गायला शिकविले, त्याच महाराष्ट्रातल्या माणसाने हे म्हणावे याचे नवल वाटते. आमच्या बैठकीत शिंपीचाचा बसत. त्यांच्या कानी ही मते कधी गेली की नाही कोण जाणे. जाऊ नयेत असेच मला वाटे.

आणि मग चित्रपटगीते. केसकरांनी त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणले, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून ते बंद केले. निर्माते बिथरले. त्यांनी गाणी वाजविण्याचे परवाने काढून घेतले, आणि १९५२ सरता सरता चित्रपटगीते नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. पण श्रोता काही खुंटीला बांधलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये बसविलेला जबरदस्त प्रक्षेपक आता रेडिओ सिलोनच्या हाती होता. त्याच डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अमीन सयानींचा आवाज बुधवारी रात्री देगलूरच्या चौकात हॉटेलवाल्यांनी असा मोठा लावला की यंत्र नसलेल्यांनाही तो चुकविता येईना. शनिवारी काकांच्या ओसरीवर पाचसात माणसे, आणि बुधवारी चौकात शंभर. लोकांना शास्त्रीय संगीत नकोसे झाले, असा अर्थ दिल्लीने या आकड्यांचा लावला असेल. आमच्या गावापुरते सांगायचे तर शनिवारचे पाचसातही बुधवारी त्या शंभरांत असत. शिंपीचाचा तर सकाळी आठच्या ठोक्याला सिलोनवरचे सैगलचे गाणे झाल्यावाचून कात्रीला हात लावीत नसत. एकाच माणसाला दरबारी आणि सैगल दोन्ही हवे असू शकतात, ही साधी गोष्ट खात्याच्या हिशेबात बसत नव्हती.

पाच वर्षांनी खात्याला माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली आणि पंडित नरेंद्र शर्मा तिचे पहिले कर्णधार झाले. विविध भारतीविषयी मी कधी वावगे बोलणार नाही. तिच्यावर सकाळी साडेसातला लागणाऱ्या ‘संगीत सरिते’त पंधरा मिनिटांत एक राग समजावून सांगत. आधी त्याचे स्वर, मग त्यातले एखादे चित्रपटगीत, मग एखाद्या गवयाच्या गाण्याचा तुकडा. सोपे करणे म्हणतात ते हे. पुण्याच्या केंद्राने १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर चालविलेले गीतरामायणही याच जातीचे. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि बाबूजी फडक्यांच्या रागदारीत भिजलेल्या चाली. पुण्याचा आवाज दिवसा आमच्यापर्यंत धड पोचत नसे, तरी सुट्टीत आलेले पाहुणे त्या चाली घेऊन येत, आणि काकू त्यांतला भूपाळीच्या वळणाचा एखादा तुकडा जात्यावर गुणगुणत. येथे श्रोत्याला कोणी तुच्छ लेखले नव्हते. त्याच्या हाताला धरून चार पायऱ्या वर नेले होते.

पेटीची गोष्टही या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तिचे स्वर ठोकळेबाज, श्रुती तिच्यात मावत नाहीत, मींड निघत नाही, हा आक्षेप. जॉन फोल्ड्ससारख्या युरोपियन संगीतज्ञाने तो मांडला आणि रवींद्रनाथांनी त्याला दुजोरा दिला. आक्षेप शास्त्राला धरून होता, नाही कोण म्हणते? पण तिकडे देगलुरात घरोघरच्या भजनात पेटीच. ती वाजविणाऱ्या आमच्या मास्तरांना आपण एक अशुद्ध धंदा करीत आहोत असे एकतीस वर्षे वाटत राहिले. १९७१मध्ये साथीपुरती बंदी उठली, तेव्हा त्यांनी ती बातमी वर्गात वाचून दाखविली आणि एक तास आधी शाळा सोडली. स्वतंत्र पेटीवादनाला मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे दार बंद राहिले.

१९६८ साली परभणीला केंद्र झाले आणि मराठवाड्याला दिवसाढवळ्या आपला आवाज मिळाला. तोवर गावात वीज आली होती, पाठोपाठ ट्रान्झिस्टर आले, शनिवारसाठी बॅटरी राखण्याचे दिवस संपले. नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले नाथराव नेरळकर, आणि गावाचे नाव आडनावात घेऊन अंबाजोगाईत गाणारे शिवदास देगलूरकर, ही माणसे आता आपल्या बोलीच्या मुलखातली म्हणून ऐकता येऊ लागली. मला विचाराल तर १९५२ ते साधारण १९८० ही आमच्या कानांची सुबत्तेची वर्षे. एक तक्रार तेव्हाही होती. संध्याकाळची संधिप्रकाशाची वेळ मारवा, पूरिया, श्री या रागांची. नेमकी तीच वेळ नभोवाणीने शेतकरी बांधवांसाठी राखून ठेवलेली. त्यामुळे आमच्या पिढीने मारव्यापेक्षा कपाशीवरच्या किडीविषयी अधिक ऐकले. पण शेतीच्या गावात राहून या गोष्टीची कुरकूर करणे शोभत नाही.

पातळपणा आला तो हळूहळू, दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याच्या बेताने. १९६७च्या नोव्हेंबरात मुंबई-पुणे-नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा कोणाला काही वाटले नाही. १९८२नंतर दूरदर्शन पसरले आणि संध्याकाळी घरातली माणसे यंत्राकडे पाठ करून बसू लागली. १९९७मध्ये प्रसार भारती स्थापन झाली आणि स्वतःचा खर्च स्वतः मिळविण्याची भाषा बोलली जाऊ लागली. केंद्रांवरचे सारंगिये, तबलजी, तंबोरेवाले निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा पुष्कळ ठिकाणी भरल्या गेल्या नाहीत. २००१पासून खाजगी एफ. एम. वाहिन्या निघाल्या. त्या शहरांत मोटारींच्या गर्दीत जन्मल्या आणि पुढे आमच्या नांदेडपर्यंत आल्या. त्यांचा सारा व्यवहार नव्या चित्रपटगीतांवर. त्यांच्याकडून यमनाची अपेक्षा करणे म्हणजे भेळवाल्याकडे पुरणपोळी मागणे. माझा राग त्यांच्यावर नाही. राग आला तो आपल्याच घरच्या नभोवाणीने त्यांच्यासारखे दिसण्याची हौस धरली तेव्हा.

काय काय घडले ते सांगतो. ज्या केंद्राचे गाणे आम्ही नेमाने ऐकत असू, त्याचे नाव सांगत नाही. तेथे रात्रीचा अर्ध्या तासाचा ख्याल प्रथम वीस मिनिटांचा झाला आणि मग ‘वेळ उरल्यास’ या सदरात गेला. विलंबित संपून द्रुत सुरू व्हावे आणि आवाज हळूच मालवून पुढच्या कार्यक्रमाचे संगीत वर यावे, हे नित्याचे झाले. क्रिकेटचे धावते वर्णन असले की गाणे रद्द, आणि दुसऱ्या दिवशी ते लावण्याची पद्धत नाही. आणि एके दिवशी शेवटची घोषणा गेली. “आपण शास्त्रीय गायन ऐकत होतात,” एवढेच. राग नाही, ताल नाही, तबलजीचे नाव नाही. शिंपीचाचा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. उशीला टेकून पडल्या पडल्या ऐकत होते. थोडा वेळ थांबून त्यांनी मला विचारले, “बोल्या क्या?” बोलला नाही, म्हणालो. त्यांनी यंत्र बंद केले.

मी त्या केंद्राला पत्र लिहिले. रागाचे नाव सांगायला किती वेळ लागतो याचा हिशेबही दिला: चार सेकंद. उत्तर आले, सायक्लोस्टाइल केलेले, की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. दोन महिन्यांनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर, फक्त शाई अधिक फिकी. पुढे एका समारंभात नभोवाणीतले एक भले अधिकारी भेटले. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “काय करणार साहेब, सामान्य श्रोत्याला राग-ताल सांगितले की तो बिचकतो. आणि शास्त्रीय संगीताला पत्रे किती येतात? फर्माइशींना पोत्याने येतात.”

पत्रांचे खरे आहे. झुमरीतलैया हे बिहारातले (आता झारखंडातले) गाव केवळ फर्माइशींच्या पत्रांनी देशभर प्रसिद्ध झाले. दरबारी ऐकणारा फर्माइश पाठवीत नाही. गवई गाईल ते ऐकायचे, असे त्याचे वळण. त्याच्या या अदबीचा अर्थ तो अस्तित्वातच नाही असा लावला गेला. आणि बिचकण्याविषयी म्हणाल, तर देगलूरच्या ज्या सामान्य श्रोत्याची कीव करून राग-ताल वगळले, तो सामान्य श्रोता म्हणजे आमचे शिंपीचाचा. शाळा चौथीपर्यंत, आणि कानडा प्रकारातले पाचसहा राग एका तानेवर वेगळे काढणारे. केसकरांच्या नभोवाणीने चाचांना विद्यार्थी समजून छडी उगारली. नंतरच्या नभोवाणीने त्यांना गिऱ्हाईक समजून गोळी पुढे केली. पहिलीत निदान चाचा शिकू शकतील एवढा विश्वास होता, म्हणून तिच्यावर मी रागावलो तरी तिचा तिरस्कार कधी करू शकलो नाही.

अधूनमधून आशेची झुळूक येत राहिली. १८ मे १९८८ला रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. नागपूरचा तिचा प्रक्षेपक हजार किलोवॅटचा, त्यामुळे आमच्याकडे तो असा खणखणीत ऐकू येई की गवई परसात बसला आहे. रात्री उशिरा तीवर गाणे लागे, आणि म्हातारपणी झोप न येणाऱ्यांचा तो मोठाच आधार होता. जानेवारी २०१९मध्ये ती बंद करण्यात आली. मधल्या काळात वर्ल्डस्पेस नावाच्या अमेरिकन कंपनीने उपग्रहावरून नभोवाणी दिली होती. तीत ‘गांधर्व’ नावाची एक वाहिनी अष्टौप्रहर हिंदुस्थानी संगीताची, आणि प्रहराचे भान राखून गाणे लावणारी. माझ्या भाच्याने हैदराबादेत तिची लहानशी तबकडी गच्चीवर बसविली होती. मी तेथे गेलो की गच्चीवरून हलत नसे. कंपनीचे दिवाळे निघाले आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी हिंदुस्थानातली सेवा थांबली. त्या आठवड्यात देशभरचे श्रोते जणू घरातले कोणी गेल्यासारखे एकमेकांना फोन करीत होते. ऐकणारेच नाहीत असे ज्यांना वाटत होते त्यांनी ते फोन ऐकायला हवे होते.

आता २६ जानेवारी २०१६पासून आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आहे. ती फोनवर येते, आणि तिच्यावर फार मोलाचे जुने मुद्रण ऐकायला मिळते. मला ते वापरायला नातीने शिकविले. म्हणजे गाणे संपले असे कोणी म्हणू नये. फरक पडला आहे तो गाठ पडण्याच्या रीतीत. फोनमधली वाहिनी ज्याला रागम् शोधायचे हे आधीच ठाऊक आहे त्यालाच सापडते. शिंपीचाचांनी काही शोधले नव्हते. काकांच्या ओसरीवर यंत्र चालू होते, ते कापड मोजून घ्यायला आले होते, आणि कोणीतरी बागेश्री गात होते म्हणून बसले.

माझ्याजवळ अशा रात्रींतून टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेल्या तीसेक कॅसेटी आहेत. बहुतेकींवर गवयाचे आणि रागाचे नाव माझ्या अक्षरात आहे, आणि चारपाचींवर चाचांच्या सांगण्यावरून. एकीवर बिहागडा आहे, बाईंचा आवाज, सारंगीची साथ. द्रुत ऐन रंगात असताना बाजू संपते, त्यामुळे घोषणा नाही. चाचांच्या नातवाने ती परवा फोनवर चढवून दोनचार जाणकारांना पाठविली. उत्तरे दोन आली, ती एकमेकांशी जुळत नाहीत. लेबल अजून कोरे आहे.